नऊ घासांचा वेळ

प्रिय दानबी,

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तुझा निरोप एक शब्दही न बदलता पोचवला. आई येणार असेल तर मी जेवणार नाही. बिचाऱ्या फोनवर चाचरत होत्या, मीच म्हटलं, सांगून टाका, माझ्या मुलीचा स्वभाव मला माहीत आहे. त्यानंतर दोन दिवस मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. तुझं म्हणणं बरोबरच आहे हे मनात कुठेतरी कळत होतं, आणि बरोबर माणसावर रागावणं फार अवघड जातं. फोन तू घेत नाहीस. मेसेज मी पाठवणार नाही. मेसेजमधून आजवर तुला काय काय पाठवलं ते आठवलं की त्या मोबाइलला हात लावू नयेसं वाटतं. म्हणून तुझ्या शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून हे लिहिते आहे. वाचून झाल्यावर फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

इकडे थंडी पडायला लागली. अंगणातल्या झाडाची केशरी फळं उतरवून, सोलून, ओसरीत दोरीला टांगली. तुझे बाबा या वयात शिडीवर चढले आणि मी खाली उभी राहून त्यांच्यावर ओरडत होते. आजीचे गुडघे तसेच आहेत आणि जीभही तशीच आहे. आणि गेल्या गुरुवारी तुझ्या आजोबांचं श्राद्ध झालं. त्या दिवशी जे घडलं ते आत्यांकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं असं मला वाटतं. आत्यांच्या तोंडून ते आलं की त्याला चार पाय जास्त फुटलेले असतील.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची होतीस तेव्हा पणजोबांच्या श्राद्धाला तू मला एक प्रश्न विचारला होतास. ताट मांडून झालं होतं. भाताच्या वाडग्यावरचं झाकण काढून बाबांनी चमचा भातात उभा खोवला, आणि आपण सगळे ओसरीवर येऊन दार लोटून माना खाली घालून उभे राहिलो. पितरांना नऊ घास खायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. तू माझा हात ओढून कानात विचारलंस, आपण बाहेर का आलो? मी तुला गप्प करण्यासाठी म्हटलं, कुणी बघत असलं की पणजोबांना जेवायची लाज वाटते. तू थोडा वेळ विचार केलास आणि म्हणालीस, मग मेल्यावर मजा आहे. मी तुला चिमटा काढला. संध्याकाळी मात्र ती गंमत म्हणून सगळ्या जावांना सांगितली आणि आम्ही स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून हसलो. तू पायरीवर बसून भांड्याच्या तळाची खरपूस खरवड बोटांनी खात होतीस. तुझ्या गालाला काजळी लागली होती. तुला पोटभर, मनापासून खाताना मी बहुतेक तेव्हाच शेवटचं पाहिलं.

कारण पुढे तुझं जेवण तुझं राहिलंच नाही. कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेच्या वर्षी ते परीक्षेचं झालं. सकाळी अंडं, दुपारी मटणाचा डबा, शाळेनंतरच्या क्लासला जाताना ताकदीसाठी जिनसेंगची मुळी घातलेलं कोंबडीचं सूप. आजी तुझ्या पाठीमागे उभी राहून वाडगा रिकामा होईपर्यंत हलायची नाही. तू म्हणायचीस, पोट फुटेल. मी म्हणायचे, मेंदूला लागतं, खा, परीक्षा झाली की वजनाचं बघू. आणि तू ऐकलंस. सगळ्या आळीत ऐकणारी मुलगी म्हणून तुझं नाव होतं आणि ते नाव मी दागिन्यासारखं मिरवलं. परीक्षा गुरुवारी झाली. पुढच्या सोमवारी मी तुला बाजारातल्या वैद्याकडे घेऊन गेले. चार दिवससुद्धा थांबले नाही गं. त्यांनी तुझी नाडी पाहिली, पोट दाबलं, आणि काळ्या काढ्याच्या पाकिटांचं खोकं बांधून दिलं. भूक मारायचा काढा. आत्यांनीच पत्ता दिला होता. आपल्या घरी मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, ती तरी चांगल्या घराण्यात पडली पाहिजे, आणि चांगली घराणी आधी फोटो मागतात, असं त्यांचं गणित होतं. मला तेव्हा ते गणित चुकीचं वाटलं नाही. माझ्याही आईने तेच केलं होतं, फक्त तिच्याकडे काढा नव्हता. तिने कपाटाला कुलूप लावलं होतं.

मग तू कॉलेजसाठी सोल शहरात गेलीस, आणि दर रविवारी मला वजनाचा आकडा पाठवायचा असं ठरलं. तो आकडा कमी झाला की मी तुला मोबाइलवरचं ते टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवायचे. तू दवाखान्यात गेल्यावर मी एकदा आपले सगळे जुने मेसेज वर सरकवत सरकवत पाहिले. किती अस्वलं, दानबी. तू लिहिलं होतंस, आज जिन्यात चक्कर आली. त्याच्या खाली तुझा आकडा. त्याच्या खाली माझं अस्वल. चक्कर मी वाचलीच नव्हती, नजर थेट आकड्यावर गेली होती. तो शेवटचा आकडा मी इथे लिहीत नाही. आकड्यांचं आपलं दोघींचं पुरे झालं.

आता चमच्याविषयी लिहिते. लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या सुट्टीत तू घरी आलीस. आत्या आल्या होत्या. गाल बसले, आता कशी नवरीसारखी दिसतेस, असं त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात, पण एवढंसं खाऊन आजीच्या हातच्या अन्नाचा अपमान करू नये, असंही म्हणाल्या. आजीने तुझ्या वाडग्यात आणखी भात दाबला. काका बघत होते, आजी बघत होती, मी बघत होते. तू चमचा उचललास, भाताच्या मधोमध उभा खोवलास, आणि आम्हा सगळ्यांना नमस्कार करून बाहेर निघून गेलीस. जिवंत माणसाच्या भातात उभा चमचा. अपशकुन टळावा म्हणून आजीने मीठ आणून तुझ्या जागेवर फेकलं. काका म्हणाले, थोरल्या घरात हे शिकवतात का? आणि मी काय केलं? मी तुला हाताला धरून परत आणलं आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवून माफी मागायला लावली. तू मागितलीस. ऐकणारी मुलगी ना. त्या गडबडीत तुझा भात कुणीही न शिवता उचलला गेला आणि मी तो भांडी घासताना टाकून दिला. तू आम्हाला जे सांगत होतीस ते इतकं स्पष्ट होतं की आंधळ्यालाही दिसावं. आम्हाला फक्त शिष्टाचार दिसला.

तू खोलीत बेशुद्ध सापडलीस, तुला देगू शहरातल्या दवाखान्यात आणलं, नाकातून नळी घातली, ते सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे की इथे आम्ही सगळ्यांना सांगितलं, दानबी इंग्रजी शिकायला कॅनडाला गेली. आजीने सुचवलं, बाबांनी मान डोलावली, आणि मी ते इतकं रंगवून सांगायला लागले की माझाच त्यावर विश्वास बसायला लागला. तिथे बर्फ पडतो म्हणते, घरमालकीण चांगली आहे म्हणते. शेजारणीने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून दिले, तेही मी घेतले. ते अजून कपाटात आहेत.

तर गुरुवार. पहाटे चारला उठले. ऑक्टोपस उकडला, मासे वाफवले, भाज्यांच्या आणि मांसाच्या, पिठात बुडवून केलेल्या वड्यांची परात भरली. लसूण नाही, तिखट नाही, पितरांना चालत नाही. तेहतीस वर्षं हे करते आहे, डोळे मिटूनही करीन. दुपारी आत्या आल्या आणि वड्या परतत असताना माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीला कळव, तिकडचं लोणी-पाव खाऊन फुगून येऊ नकोस म्हणावं. एवढ्या कष्टानं उतरवलंय." मी हातातलं उलथनं तेवढं खाली ठेवलं. तेलाचा थेंब मनगटावर उडाला होता तो पुसला. पण आत काहीतरी जे इतकी वर्षं तिथल्या तिथे बसून होतं ते उठून उभं राहिलं.

संध्याकाळी सातला विधी सुरू झाला. आता कुणी मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही, सगळ्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसं असतात. बाबांनी पितरांपुढे मद्याचा पहिला प्याला ठेवला, थोरली सून म्हणून दुसरा मी ठेवला, तिसरा काकांनी. झाकण निघालं, चमचा उभा राहिला. आम्ही बारा माणसं ओसरीवर आलो आणि दार लोटलं. तुला माहीत आहे, त्या वेळात कुणी एक अक्षरही बोलायचं नसतं. घरातल्या कर्त्या पुरुषाने तीन वेळा खोकायचं, मग दार उघडायचं, तोपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली. लहानपणी तुला शिंक आली तर तू श्वास कोंडून लाल व्हायचीस. मी माना खाली घातलेल्या त्या रांगेकडे पाहिलं आणि मला एकाएकी कळलं की माझ्या सबंध आयुष्यात ही एकच वेळ अशी आहे की मी बोलले तर मला मध्येच कुणी तोडू शकणार नाही.

मी बोलले. "दानबी कॅनडात नाही. ती देगूच्या दवाखान्यात आहे, तिला नळीतून अन्न घालतात."

आत्यांनी मान वर केली. काकूंनी हातावर हात आवळला. कुणी ब्र काढला नाही, काढणार कसा? मी सगळं सांगितलं. काढा सांगितला आणि पत्ता कुणाचा होता तेही सांगितलं. अस्वलं सांगितली, माझी स्वतःची, एकही न लपवता. मोज्यांचंसुद्धा सांगितलं. माझा आवाज चढला नाही. शेवटी म्हटलं, "त्या पोरीला आपण आधी परीक्षेसाठी चारलं, मग लग्नासाठी उपाशी ठेवलं. तिला भूक लागली म्हणून कुणी कधी वाढलंच नाही. आत जे बसलेत त्यांना बघणाऱ्यांची लाज वाटेल म्हणून आपण बाहेर उभे राहतो, आणि जी जिवंत आहे तिच्या घासाघासावर बारा जणांचे डोळे."

काकांनी घसा खाकरला. तो खोकला नव्हता, पण खोकल्याच्या जवळपासचा होता. म्हणजे बाबांना आठवण, की दादा, आटपा आता. नऊ घासांचा वेळ केव्हाच उलटून गेला होता. बाबांनी फक्त एकदा खोकायचं होतं, माझं तोंड आपोआप बंद झालं असतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. उजवा हात तेवढा थोडा उचलला, काकांच्या दिशेने, थांब म्हणून. आणि खोकलेच नाहीत. दानबी, तुझे बाबा मूग गिळून बसणारे, आजीसमोर कधी चपलेचा आवाज न करणारे, ते तसेच उभे राहिले आणि मला बोलू दिलं. मी बोलून थांबले, तरी ते थांबले. मग बऱ्याच वेळाने त्यांनी तीन वेळा खोकून दार उघडलं, आणि तिसऱ्या खोकल्यात रडू होतं हे माझ्याखेरीज कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. आजोबांना त्या दिवशी निवांत जेवायला मिळालं एवढं खरं. त्यांच्या हयातीतही एवढा वेळ कुणी त्यांना दिला नसेल.

त्याच रात्री बाबांनी मला सांगितलं की दर मंगळवारी ते बियाण्यांच्या दुकानाचं निमित्त काढून देगूला येतात, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तासभर गाडीत बसतात आणि परत येतात. वर यायचा धीर होत नाही. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. ते म्हणाले, तू तरी मला कुठे काय सांगतेस. ते माणूस तसंच आहे, पण आता तुला माहीत असावं.

पुढचं थोडक्यात सांगते. पितरांचा प्रसाद खायला पुरुष बसले आणि मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात उभ्याने न खाता त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. हाताने ऑक्टोपसचा मोठा तुकडा घेतला आणि चावून चावून खाल्ला. तेहतीस वर्षं मी तो उकडते आहे आणि मधला, मऊ भाग कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. छान लागतो. काका ताट न शिवता उठले. थोरल्या घराचं नाक कापलं गेलं, असं दारात म्हणाले. मी म्हटलं, कापलं तर कापलं, जेवायला तोंड लागतं. आत्या रडल्या. स्वतःसाठी रडल्या की तुझ्यासाठी ते मला सांगता येत नाही, आणि मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. आजी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माझी काही तक्रार नव्हती, घर शांत होतं. पाचव्या दिवशी भाजी निवडताना माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिथे तिला भात कसला देतात? जुना की नव्या तांदळाचा?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, मग विचार की. दुपारी तिने स्वतः कोठीतून नव्या तांदळाची पिशवी काढून ठेवली. ती बदलली असं मी म्हणणार नाही. त्या वयात माणसं बदलत नाहीत, एखादी पिशवी काढून ठेवतात.

वैद्याच्या काढ्याचं उरलेलं खोकं मी गटारात ओतलं. न्हाणीघरातला वजनकाटा बाबांनी भंगारवाल्याला दिला. तुझा फोटो मागणाऱ्या एका घराण्याला मी फोन करून सांगितलं की आमची मुलगी आजारी आहे, तिला काय आजार आहे तेही सांगितलं, आणि ती बरी झाली तरी आम्ही फोटो पाठवणार नाही म्हणून सांगितलं. तू माफ करावंस म्हणून यातलं काही केलेलं नाही. तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी यातलं काहीही मी परत घेणार नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मी शनिवारी येणार आहे, दुपारी बारा वाजता. तू नको म्हटलंस, तरी येणार आहे, पण तुझ्यासमोर बसायला नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं आहे. त्या आधी हसल्या, मग हो म्हणाल्या. नळीबरोबर आता तोंडानेही थोडं घेता येतं म्हणाल्या, म्हणून त्या सांगतील तेवढंच, आजीच्या नव्या तांदळाचा भात, पातळ सूप आणि खरवड मी आणीन. ताट टेबलावर ठेवीन. चमचा शेजारी आडवा ठेवीन, जिवंत माणसाचा ठेवतात तसा. मग बाहेर जाईन, दार लोटून घेईन आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. नियम आहे म्हणून नर्सबाई आत कोपऱ्यात असतील, पण त्या विणकाम करणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलं आहे. मी आत डोकावणार नाही. किती खाल्लंस ते विचारणार नाही, वाडगा उचलून बघणार नाही. नऊ घास असोत, एक असो, नाहीतर एकही नसो. आणि मी खोकणार नाही. खोकण्याचा मान घरातल्या कर्त्याचा असतो, आणि तुझ्या जेवणाची कर्ती तू आहेस. मी आत यावं असं वाटलं तर तू खोक. नाही वाटलं तर खोकू नकोस, भेटीची वेळ संपली की मी तशीच घरी जाईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्याही. तेहतीस वर्षं मेलेल्या माणसांसाठी दाराबाहेर उभी राहिले आहे, माझ्या पायांना सवय आहे.

तुझीच,
आई